सोज्वळ इलेक्ट्रॉन

आपल्या पाठ्यपुस्तकांत आदर्श विद्यार्थी असतो, आदर्श शेतकरी असतो, आदर्श गाव तर असतंच. पण या सगळ्यांना मागे टाकील असं आदर्श पात्र विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि त्याचं नाव इलेक्ट्रॉन. नववीच्या वर्गात तो भेटतो तोच मुळी नीट भांग पाडून. केंद्रकाजवळच्या के कवचात दोन, एल कवचात आठ, एम कवचात अठरा, एन कवचात बत्तीस अशी जागांची सोय केलेली असते आणि इलेक्ट्रॉन आतून बाहेर, क्रमाने, कुणाला धक्का न लावता बसत जातात. सोडिअमकडे शेवटी एक इलेक्ट्रॉन उरतो, तो सोडिअम देऊन टाकतो. क्लोरीनला एक कमी पडत असतो, तो घेतो. दोघांचं अष्टक पूर्ण होतं, दोघे स्थिर होतात आणि मीठ जन्माला येतं. निऑन आणि अरगॉन यांचं अष्टक घरचंच असल्यामुळे ते कुणाच्या अध्यात नसतात की मध्यात. पुढे अकरावीत कळतं की उपकवचात बसतानासुद्धा इलेक्ट्रॉन आधी रिकामी जागा बघतो आणि अगदीच नाइलाज झाला तरच दुसऱ्याच्या शेजारी बसतो. नंबर लावणारा, स्थैर्यासाठी जीव टाकणारा, उरलंसुरलं दान करणारा आणि शेजाऱ्याशी बेताचं बोलणारा हा प्राणी ओळखीचा वाटतो, कारण तो मराठी मध्यमवर्गीय आहे. पुस्तक लिहिणाऱ्यांनी अणूत डोकावून पाहिलं आणि त्यांना तिथे स्वतःच दिसले. माझं म्हणणं एवढंच की अणूला या स्वभावचित्रातून सोडवायला हवं. २, ८, १८, ३२ हे आकडे खरे आहेत, कवचंही खरी आहेत. खोटी आहे ती त्यांच्यामागे रचलेली सद्वर्तनाची कथा, आणि त्याहून खोटं आहे ते एकामागून एक ‘भरत जाणं’. अणूत रांग नाही. रांग आपण लावली.

आधी दानधर्म तपासू, कारण त्याचे आकडे रसायनशास्त्राच्या कुठल्याही जाडजूड पुस्तकाच्या शेवटी तक्त्यात दिलेले असतात आणि ते सहसा कुणी वाचत नाही. सोडिअमच्या एकट्या अणूपासून तो सुप्रसिद्ध शेवटचा इलेक्ट्रॉन वेगळा करायला मोलमागे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. ज्याला द्यायचंच आहे त्याची मूठ उघडायला इतकी झटापट लागत नाही. तिकडे क्लोरीनच्या अणूला तो इलेक्ट्रॉन मिळाला की ३४९ किलोज्यूल सुटतात. वजाबाकी केली की १४७ किलोज्यूलची खोट. म्हणजे एकमेकांपासून दूर असलेले सोडिअम आणि क्लोरीन यांच्यातला हा व्यवहार चक्क आतबट्ट्याचा आहे आणि त्यांच्या हातात असतं तर त्यांनी तो केलाच नसता. तो फायद्यात येतो दोघे पुरेसे जवळ आल्यावर, आणि खरा नफा होतो तो असंख्य आयन स्फटिकात एकाआड एक रचले गेल्यावर: त्या रचनेत मोलमागे ७८७ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मोकळी होते आणि मागची सगळी खोट भरून निघते. मीठ हे सोडिअमच्या औदार्याचं फळ नाही आणि क्लोरीनच्या हव्यासाचंही नाही. सगळ्या ढिगाचा एकत्रित हिशेब फायद्यात आला, म्हणून मीठ झालं. इथे कुणी म्हणेल की सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४,५६२ किलोज्यूल लागतात, म्हणजे पहिल्याच्या नऊपट, मग पहिला ‘सहज’ जातो असं म्हटलं तर बिघडलं कुठे? नऊपट उडी खरी आहे आणि कवच ही वस्तुस्थिती आहे याचा तो उत्तम पुरावा आहे. पण पहिला महाग आणि दुसरा फार महाग, याला दानत म्हणत नाहीत.

ऑक्सिजनचं प्रकरण याहून नाजूक. पुस्तकात त्याला दोन इलेक्ट्रॉन ‘हवे’ असतात. पहिला तो खरोखर घेतो आणि १४१ किलोज्यूल सोडतो. दुसरा मात्र त्याच्यात कोंबावा लागतो आणि त्यासाठी सातशेहून जास्त किलोज्यूल मोजावे लागतात. आयन एकटा असेल तर तो दुसरा इलेक्ट्रॉन तिथे टिकतही नाही. ऐन अष्टक पूर्ण होण्याच्या मुहूर्तावर ही वागणूक! आणि अष्टक पूर्ण करून जे विरक्त झाले म्हणून ज्यांचं कौतुक होतं, त्या निष्क्रिय वायूंपैकी झेनॉनची विरक्ती १९६२ साली व्हँकुव्हरमध्ये संपली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या नील बार्टलेटच्या लक्षात आलं होतं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा पदार्थ ऑक्सिजनच्या रेणूचासुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा जवळजवळ ऑक्सिजनच्या रेणूइतकीच आहे. त्याने काचेच्या उपकरणात एका बाजूला त्या पदार्थाची लालभडक वाफ आणि दुसऱ्या बाजूला रंगहीन झेनॉन ठेवला, मधला काचेचा पडदा फोडला, आणि खोलीच्या साध्या तापमानालाच पिवळा घन पदार्थ तयार झाला. झेनॉन सापडला १८९८ साली. साठाहून अधिक वर्षं विद्यार्थ्यांना त्याच्या वैराग्याच्या गोष्टी सांगितल्या गेल्या. योग्य गिऱ्हाईक आलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

ही कथा रचली कुणी, हे पाहायला हवं, कारण ती काही मूर्खांनी रचलेली नाही. कवचांची नावं के पासून सुरू होतात, ए पासून नाहीत, यालाच एक इतिहास आहे. चार्ल्स बार्कला या इंग्रज शास्त्रज्ञाला मूलद्रव्यांतून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांचे दोन गट आढळले. आधी त्याने त्यांना ए आणि बी म्हटलं. मग १९११ साली त्याला वाटलं की याच्या अलीकडे आणि पलीकडे आणखी गट सापडणार, तेव्हा मधली अक्षरं घेतलेली बरी. म्हणून के आणि एल. पलीकडे एम, एन वगैरे मंडळी रीतसर आली. अलीकडे कुणीच आलं नाही, कारण के च्या आत केंद्रकच आहे. ए पासून जे पर्यंतची दहा अक्षरं शंभर वर्षांहून अधिक काळ राखीव पडून आहेत. बार्कलाला पुढे १९१७ सालचं नोबेल मिळालं आणि नंतरची बरीच वर्षं तो ‘जे’ नावाच्या एका परिणामाचा पाठपुरावा करत राहिला, जो त्याच्याखेरीज इतरांना काही नीट दिसला नाही. राखून ठेवलेल्या जागेवर कुणीतरी यावं असं माणसाला वाटतंच.

मूळ कथाकार मात्र नील्स बोर. १९१३ साली त्याने हायड्रोजनचा अणू मांडला आणि १९२१-२२ च्या सुमारास सगळी आवर्तसारणीच अंगावर घेतली. त्याची युक्ती अशी: उघडं केंद्रक घ्या आणि कल्पना करा की ते एकेक इलेक्ट्रॉन पकडत आहे, प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन कुठे जाऊन स्थिरावतो ते पाहा. ‘भरण्याची’ सगळी भाषा या कल्पनाचित्रातून आली. १९२२ च्या जूनमध्ये गटिंगेनला त्याने यावर व्याख्यानं दिली आणि ऐकायला पाउली आणि हायझेनबर्ग यांच्यासारखी तरुण पोरं होती. बाहेरच्या लोकांना वाटे की कोपनहेगनच्या कपाटात या सगळ्याचं अगडबंब गणित दडवून ठेवलेलं आहे. बोरचा सहकारी क्रेमर्स याने या गैरसमजाची गंमत पुढे नमूद करून ठेवली आहे. कपाटात तसं काही नव्हतं. वर्णपटातल्या रेषा आणि मूलद्रव्यांचे गुणधर्म समोर ठेवून बोरने कवचांचे आकडे असे बसवले की सारणी जुळावी. पण अटकळ बांधणारा बोर होता. त्याने सांगितलं की तेव्हा न सापडलेलं ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य दुर्मीळ मृदांच्या गोतावळ्यातलं असणार नाही, ते झिर्कोनिअमच्या कुळातलं असेल. पॅरिसचा जॉर्ज उर्बें सांगत होता की ते मला दुर्मीळ मृदांतच सापडलंय आणि मी त्याचं सेल्टिअम असं नावही ठेवलंय. कोपनहेगनमध्ये कॉस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनिअमची खनिजं क्ष-किरणांनी तपासली आणि ७२ क्रमांक तिथेच निघाला. बातमी बोरला मिळाली ती नोबेलच्या भाषणासाठी तो स्टॉकहोममध्ये असताना, आणि ११ डिसेंबर १९२२ ला भाषणाच्या शेवटी त्याने ती जाहीर करून टाकली. काही रसायनतज्ज्ञांना हा संशय आधीपासूनच होता, ही गोष्ट त्या टाळ्यांत कुणाला ऐकू आली नाही. मूलद्रव्याचं नाव कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून हाफ्निअम पडलं. असा विजय मिळाल्यावर ‘भरणे’ हे क्रियापद मागे घ्यायला कोण तयार होणार?

त्या कथेत खरोखर लोखंडी असा एकच खांब आहे आणि तो दोन-तीन वर्षांनी उभा राहिला. १९२४ साली केंब्रिजच्या एडमंड स्टोनर या संशोधक विद्यार्थ्याने कवचांची पोटविभागणी नीट लावली. १९२५ साली पाउलीने त्यामागचा नियम सांगितला की एका अणूतल्या कुठल्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक (त्यांची अवस्था सांगणारे आकडे) सारखे असू शकत नाहीत. चौथा पुंजांक म्हणजे नक्की काय, हे पाउलीने तेव्हा चित्र काढून सांगायचं टाळलं. त्याच वर्षी लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोघांनी म्हटलं की ही इलेक्ट्रॉनची फिरकी. मग लोरेन्ट्झसारख्या बुजुर्गाने हिशेब करून दाखवलं की असं मानलं तर इलेक्ट्रॉनचा पृष्ठभाग प्रकाशाहून वेगाने फिरेल, आणि दोघे घाबरून निबंध परत घ्यायला गुरुजींकडे धावले. गुरुजी एरेनफेस्ट म्हणाले की तो मी कधीच पाठवला. तुम्ही अजून लहान आहात, एखादा वेडेपणा तुम्हाला खपून जाईल. वेडेपणा खरा निघाला. हा नियम लागला की २, ८, १८, ३२ हे आकडे मोजता येतात, पाठ करावे लागत नाहीत. आणि गंमत म्हणजे हा नियम स्वभावाचा नाहीच. इलेक्ट्रॉन विद्युतभारामुळे एकमेकांना ढकलतात, ते वेगळं. भार काढून घेतला तरी हा नियम तसाच राहील. जुलै १९३० च्या अखेरीस मुंबईहून इंग्लंडला जायला बोटीवर चढलेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरने प्रवासात जो हिशेब मांडला तो याच नियमाचा होता: पृथ्वीएवढ्या आकारात कोंबलेला आख्खा तारा केवळ या नियमाच्या जोरावर ढासळायचा थांबतो, पण सूर्याच्या साधारण १.४ पट वस्तुमानापर्यंतच. ज्या नियमावर तारे तोलले जातात तो नियम आपण वर्गात ‘एका खोलीत दोघेच’ असा सांगून पुढच्या मुद्द्याकडे वळतो आणि उरलेला तास उपकवचं भरण्याचा क्रम दाखवणाऱ्या बाणांच्या तिरक्या चित्रावर घालवतो.

त्या बाणांकडे आता वळायला हवं, कारण रांगेची कथा तिथेच उघडी पडते. पोटॅशिअममध्ये १९ इलेक्ट्रॉन, कॅल्शिअममध्ये २०. एम कवचात अठरांची सोय, बसलेले आठ, दहा जागा रिकाम्या. तरी एकोणिसावा आणि विसावा बाहेर एन कवचात. कॅल्शिअमचं संरूपण २, ८, ८, २. नववीत याचं कारण म्हणून सांगतात की सर्वात बाहेरच्या कवचात आठांपेक्षा जास्त चालत नाहीत. का चालत नाहीत असं विचारलं तर ते पुढच्या इयत्तेत आहे, आणि पुढच्या इयत्तेत ते मागच्या इयत्तेत झालेलं असतं. अकरावीत खुलासा होतो तो असा: एन कवचातली ४एस ही कक्षिका एम कवचातल्या ३डीपेक्षा कमी ऊर्जेची, म्हणून ती आधी भरते, पुंजांक एन आणि एल (ही कवचांची नावं नव्हेत) यांची बेरीज करा, ज्याची बेरीज लहान त्याचा नंबर आधी. ठीक. चार-पाच पानांनी लोखंड येतं. त्याच्या ३डीत सहा इलेक्ट्रॉन, ४एसमध्ये दोन. आयन बनताना आधी कोण जातं? ४एसचे दोघे. कारण आता ४एसची ऊर्जा जास्त आहे. पान उलटेपर्यंत ४एस खालची वर गेलेली असते आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. एखाद्या चौकस मुलीने हात वर केलाच तर उत्तर मिळतं की भरताना ती खाली असते, भरल्यावर वर जाते. कुणाला जागा दिल्यावर जागेचाच भाव बदलतो अशी ही व्यवस्था. मध्यमवर्गीयांना ती नवी नाही, पण अणूवर ती लादायचं कारण नव्हतं.

खरं काय घडतं ते स्कँडिअमकडे जरा जवळून पाहिलं की कळतं. वर्णपटांवरून हे सगळं फार पूर्वीपासून माहीत आहे. तीन गोष्टी शेजारी ठेवा: पोटॅशिअमचा अणू, एक इलेक्ट्रॉन गमावलेला कॅल्शिअम, आणि दोन इलेक्ट्रॉन गमावलेला स्कँडिअम. तिघांकडेही इलेक्ट्रॉन १९च. फरक फक्त केंद्रकाचा, तिथे अनुक्रमे १९, २० आणि २१ प्रोटॉन. नियम जर ‘आधी ४एस’ असा असेल तर तिघांचाही शेवटचा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये हवा. पोटॅशिअममध्ये तो तिथे आहे. कॅल्शिअममध्येही आहे. स्कँडिअममध्ये तो ३डीत आहे. केंद्रकाचा भार वाढत गेला की ३डीची ऊर्जा ४एसपेक्षा झपाट्याने खाली येते आणि स्कँडिअमपर्यंत ३डी खरोखरच खाली गेलेली असते. मग स्कँडिअमच्या पूर्ण अणूत तिन्ही इलेक्ट्रॉन ३डीत का नाहीत? कारण ३डी ही आटोपशीर, केंद्रकाजवळ दाटीवाटीने पसरलेली कक्षिका. तिथे तिघे कोंबले तर त्यांची आपसातली ढकलाढकल इतकी महागात पडते की त्यापेक्षा दोघांनी ऐसपैस ४एसमध्ये, वरच्या ऊर्जेला का होईना, राहिलेलं सगळ्या अणूला स्वस्त पडतं. म्हणजे बोरसारखं उघड्या केंद्रकापासून इलेक्ट्रॉन पकडत आलं तर स्कँडिअममध्ये आधी ३डी आणि मग ४एस असा क्रम येतो, पुस्तकाच्या बरोबर उलट. लोखंडाचं कोडंही इथेच सुटतं: ४एसवाले वरच होते, म्हणून आधी गेले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युजेन श्वार्त्स याने २०१० साली रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठीच्या नियतकालिकात हे सगळं तपशिलाने मांडलं, आवर्तसारणीचा अभ्यासक एरिक सेरी यानेही त्यावर वारंवार लिहिलं. बाण मात्र तसेच तिरके आहेत.

आता अपवाद. क्रोमिअम आणि तांबं हे दोन अपवाद प्रत्येकाला पाठ असतात, कारण प्रवेशपरीक्षांना ते फार प्रिय आहेत. क्रोमिअममध्ये ३डीत चारऐवजी पाच आणि ४एसमध्ये एकच. तांब्यात दहा आणि एक. याचं कारण: अर्धं भरलेलं आणि पूर्ण भरलेलं उपकवच जास्त स्थिर. पुन्हा स्थैर्य! दोनच अपवाद असते तर आपण गप्प बसलो असतो. पण खालच्या ओळीत उतरा. इट्रिअमपासून कॅडमिअमपर्यंत दहा मूलद्रव्यं आहेत आणि त्यांतली नायोबिअम, मॉलिब्डेनम, रुथेनिअम, ऱ्होडिअम, पॅलेडिअम आणि चांदी ही सहा नियमाबाहेर आहेत. दहांतले सहा ज्याला जुमानत नाहीत त्याला नियम म्हणायचं आणि त्या सहांना अपवाद म्हणायचं, हा संख्याशास्त्राचा नवाच प्रकार झाला. त्यात मॉलिब्डेनमला अर्धं भरल्याचं आणि चांदीला पूर्ण भरल्याचं कारण चिकटवता येतं. पण नायोबिअममध्ये डी उपकवचात चार आहेत, रुथेनिअममध्ये सात, ऱ्होडिअममध्ये आठ. यातलं अर्धं कोणतं आणि पूर्ण कोणतं? पॅलेडिअमने तर कमाल केली आहे: पाचव्या आवर्तात राहतो आणि पाचव्या कवचात त्याचा एकही इलेक्ट्रॉन नाही. उलट क्रोमिअम आणि मॉलिब्डेनम यांच्याच गणात, त्यांच्या बरोबर खाली असलेलं टंगस्टन चार आणि दोन असं नियमाप्रमाणे वागतं. त्याला अर्ध्या भरलेल्या उपकवचाचं माहात्म्य कुणी सांगितलेलं दिसत नाही. खाली लँथनाइड आणि ॲक्टिनाइड धरून मोजलं तर अपवाद वीसच्या घरात जातात. हे बंडखोर नाहीत. प्रत्येक अणू एकच गोष्ट करतो आहे, सगळ्या इलेक्ट्रॉनांची मिळून एकूण ऊर्जा कमीत कमी ठेवतो आहे, आणि डी आणि एस यांच्या ऊर्जा जिथे जवळजवळ आल्या तिथे पारडं कधी इकडे, कधी तिकडे झुकतं.

यावर शिक्षकांचा आक्षेप येणार आणि तो वजनदार आहे. ते म्हणतील, नियम इतका वाईट असता तर त्याच्यावर आख्खी आवर्तसारणी उभी राहिली असती का? एन अधिक एल या बेरजेने आवर्तांच्या लांब्या २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशा तंतोतंत निघतात. निघतात, आणि ही साधी गोष्ट नाही. शार्ल जाने नावाच्या फ्रेंच गृहस्थाने, जो कारखाना सांभाळून फावल्या वेळात मुंग्या आणि गांधीलमाश्यांवर संशोधन करत असे, १९२८ च्या सुमारास या क्रमावर एक आख्खी सारणी रचली; माडेलुंगने तो क्रम १९३६ साली नियम म्हणून छापला; आणि स्वीडनच्या लव्दिनने १९६९ साली तक्रार केली की इतका साधा नियम श्रोडिंगरच्या समीकरणातून अजून कुणी सिद्ध करून दाखवलेला नाही. तेव्हा नियमाला फेकून द्या असं कुणी म्हणत नाही. तो लागू कुठे होतो, एवढं सांगा. सारणीत एका घरातून शेजारच्या घरात जाताना, म्हणजे एका मूलद्रव्याहून पुढचं मूलद्रव्य कोणत्या प्रकारच्या कक्षिकेमुळे वेगळं ठरतं, याचं तो ढोबळ आणि उत्तम वर्णन आहे. एकाच अणूच्या पोटात कोण आधी आलं आणि कोण नंतर, याचं तो वर्णन नाही. जनगणनेच्या तक्त्यावरून कुणाच्या घरातलं भांडण सांगता येत नाही, तसलीच ही चूक, आणि ती आपण गुण देऊन करवून घेतो.

दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूने. एवढं खरं सांगितलं तर मुलं घाबरतील आणि उठून वाणिज्य शाखेला जातील. मला वाटतं, ती गेली तर हा विषय तिथे जास्त नीट समजेल, कारण मुद्दाच ताळेबंदाचा आहे. पाउलीच्या नियमाच्या मर्यादेत राहून सगळ्या अणूची एकूण ऊर्जा कमीत कमी होईल अशी मांडणी टिकते: हे एक वाक्य झालं. ते तिरक्या बाणांहून लहान आहे, त्याला अपवाद नाहीत, आणि सोडिअमच्या दानापासून पॅलेडिअमच्या रिकाम्या पाचव्या कवचापर्यंत सगळं त्यात मावतं. प्रत्येक अणूसाठी तो हिशेब करणं कठीण आहे हे कबूल. पण हिशेब कठीण आहे असं सांगणं वेगळं आणि हिशेब नसून संस्कार आहेत असं सांगणं वेगळं. स्वभावकथेने पाठांतर सोपं होतं, हाही दावा तपासून पाहण्यासारखा आहे. ज्या मुलाला ‘इलेक्ट्रॉनला स्थैर्य हवं असतं’ एवढंच माहीत आहे त्याला लोखंड, टंगस्टन आणि झेनॉन ही तिन्ही स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात.

सगळ्यात बारीक आक्षेप भौतिकशास्त्रज्ञांचा असेल, आणि तो पुस्तकापेक्षा या लेखावरच येईल. ‘एकोणिसावा इलेक्ट्रॉन ३डीत गेला’ अशा अर्थाचं जे वर सराईतपणे लिहिलं, त्यात एकोणिसावा कोण? इलेक्ट्रॉनांना क्रमांक नसतात. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर काय बदललं हे कुठल्याही मोजमापाला सांगता येत नाही. इतकंच नव्हे, अदलाबदलीने तरंगफलनाचं फक्त चिन्ह उलटतं, आणि पाउलीचा नियम निघतो तोच मुळी या उलटण्यातून. लिथिअममध्ये तीन इलेक्ट्रॉन आहेत आणि त्यांतला बाहेरच्या कवचातला कोणता, असं विचारलं तर उत्तर लपवलेलं नाही, ते अस्तित्वातच नाही. कक्षिका हीसुद्धा अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत एक सोयीची अंदाजी मांडणी आहे, भाड्याने दिलेली जागा नव्हे. हा आक्षेप मान्य, आणि त्याने माझी बाजू पक्कीच होते. ज्यांना नाव नाही, क्रमांक नाही, आणि दुसऱ्यापासून वेगळं काढता येईल अशी खूण नाही, त्यांना नंबर लावायची सवय, दानत, हौस आणि निवृत्तीची ओढ कुठून असणार? मध्यमवर्गीय होण्यासाठी निदान आडनाव तरी लागतं.

आणि सारणीच्या अगदी टोकाशी तर कवचंच धूसर होऊ लागतात. सातव्या आवर्ताचं शेवटचं घर ११८ क्रमांकाच्या ओगानेसॉनचं. त्याचे आजवर मोजकेच अणू तयार करता आले, आणि तेही सेकंदाच्या काही हजारांश भागापलीकडे टिकले नाहीत. त्यामुळे त्याचं रसायनशास्त्र सध्या फक्त संगणकावर चालतं. केंद्रकाचा भार इतका प्रचंड की सापेक्षतेचे परिणाम आत येतात, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेली गणितं सांगतात की त्याच्या बाहेरच्या कवचांच्या कडा पुसट होऊन इलेक्ट्रॉन जवळजवळ एकसारखे पसरलेले असतील. जागा निष्क्रिय वायूंच्या गणात असली तरी खोलीच्या तापमानाला तो वायू नसून घन असेल असा अंदाज आहे, आणि अष्टक पूर्ण असूनही तो वर आणखी एक इलेक्ट्रॉन स्वीकारील असंही गणित सांगतं. परीक्षेत मात्र ओगानेसॉनचं संरूपण २, ८, १८, ३२, ३२, १८, ८ असं लिहायचं, बाह्यतम कवच पूर्ण असल्यामुळे तो अभिक्रियेत भाग घेत नाही असं कारण द्यायचं, आणि दोन गुण घ्यायचे.